दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर

हातोद इंदूरपासून वीसेक किलोमीटर. गांधीनगर ओलांडलं, विमानतळाची भिंत मागे पडली की दोन्ही बाजूंना हंगामाप्रमाणे सोयाबीन नाहीतर गहू, आणि मग आमचं गाव. पणजोबा होळकरांच्या चाकरीत आले ते इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी असा आमचा कारभार. एकतीस वर्षं मास्तरकी केली, पण गावात ओळख उरली ती 'पाकिस्तानवाले मास्साब' अशी. सीमेपलीकडच्या तुरुंगात अडकलेल्यांसाठी मी अर्ज लिहितो. कुठल्या संस्थेचा पदाधिकारी नाही. मुंबई-दिल्लीकडे जी माणसं हे काम करतात, त्यांचा हातोदमधला एक हात म्हणा. बायको म्हणते, "गल्लीतल्या नळाला पाणी आणून दाखवा, मग परराष्ट्र धोरण बघा." तिचं चुकतं असं नाही.

चौदा वर्षांत जे कळलं ते आठवेल तसं लिहितो.

१. पहिलं पत्र फाडून टाका

२०११ च्या पावसाळ्यात शेजारच्या गावची एक मावशी शाळेत आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. डोक्याने थोडा हललेला मुलगा, चार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला. तिकडच्या तुरुंगातून सुटून आलेल्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं की 'इंदौर तरफ का' एक जण आत आहे. एवढाच धागा.

मी थेट पंतप्रधानांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात बुद्ध होता, अशोक होता, गांधीजी होते; आणि अहिल्यादेवींचा दाखला दिल्याशिवाय तर इंदूरच्या मराठी माणसाचं पत्र पुरंच होत नाही. दोन्ही देशांतल्या जनतेच्या शांततेच्या इच्छेवर एक अख्खं पान. उत्तर आलं नाही. सहा महिन्यांनी या कामात मुरलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांना फोनवर पत्र वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मास्तर, छान आहे. पण हे जाणार कुणाच्या टेबलावर?"

दुसरं पत्र अकरा ओळींचं झालं. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, तहसील, हरवल्याची तारीख, डाव्या भुवईवरची खूण, आणि एक प्रश्न: या वर्णनाच्या माणसाची चौकशी तिकडच्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे केली का, केली असल्यास कधी? दीड महिन्यात फाईल नंबर असलेलं उत्तर आलं. मुलगा सापडला नव्हता. पण आता तो एका फाईलमध्ये होता, आणि फाईल कुणाच्या तरी टेबलावर होती.

२. सगळा खेळ नावाचा आहे

तिकडे माणूस पकडला गेला की तो भारतीय असल्याचं आधी भारताने मान्य करावं लागतं. याला राष्ट्रीयत्वाची खातरजमा म्हणतात. कागद तुरुंगातून इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयात येतो, तिथून परराष्ट्र मंत्रालय, मग गृह मंत्रालय, मग राज्याचा गृह विभाग, मग जिल्ह्याचे पोलिस अधीक्षक, आणि शेवटी ठाण्यातला हवालदार मोटरसायकलवरून गावात येऊन पारावर विचारतो, "इस नाम का कोई था क्या यहाँ?" पारावरचे लोक म्हणतात, नाही. हवालदार 'तपास निरंक' लिहून मोकळा होतो, आणि तो माणूस आणखी पाच वर्षं आत राहतो.

'नाही' का म्हणतात? कारण नाव भलतंच झालेलं असतं. उर्दू लिखाणात 'ओ' आणि 'ऊ' यांना एकच अक्षर चालतं, ऱ्हस्व स्वर तर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. तिथे 'हातोद' लिहिलं की वाचणारा 'हातूद' वाचू शकतो, 'हातवद'ही वाचू शकतो. मग ते इंग्रजीत जातं, इंग्रजीतून हिंदीत येतं. तीन लिप्यांतून गाळून आलेल्या नावाला सख्खी आई ओळखणार नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे. अर्जासोबत मी एक तक्ता जोडतो: नाव देवनागरीत, इंग्रजीत आणि उर्दूत, घरी हाक मारायचं नाव वेगळं, गावाचं नाव, शेजारच्या दोन गावांची नावं, जवळचं रेल्वे स्टेशन, आठवड्याच्या बाजाराचा वार. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस स्वतःचं नाव चुकवेल, पण बाजाराचा वार चुकवत नाही, असा माझा अनुभव.

गीताची गोष्ट इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. ही मूकबधिर मुलगी लहानपणी चुकून सीमेपलीकडे पोहोचली आणि कराचीत ईदी फाउंडेशनच्या आसऱ्याला वाढली. 'गीता' हे नावही बिल्किस ईदींनीच ठेवलेलं. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात आली तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज स्वतः लक्ष घालत होत्या, टीव्ही लागलेला होता, त्याच वर्षी तशाच कथेचा सिनेमाही गाजला होता. फोटो पाहून तिने ओळखलेल्या बिहारमधल्या कुटुंबाशी डीएनए जुळला नाही. तिला इंदूरच्या मूकबधिर संघटनेत ठेवलं. पुढची पाच वर्षं ती आमच्यापासून वीस किलोमीटरवर राहत होती आणि मुलगी आमचीच म्हणत कितीतरी जोडपी येऊन गेली.

घर लागलं ते कसं? सांकेतिक भाषा जाणणाऱ्या माणसांनी तिच्या हातांच्या खुणांतून एकेक तुकडा काढला: नदी, देऊळ, स्टेशन. ते तुकडे जुळवत शोध तेलंगण-मराठवाड्याच्या बाजूला गेला, आणि २०२१ मध्ये परभणीकडची आई सापडली. मुलीचं खरं नाव निघालं राधा. मंत्री, सिनेमा, टीव्ही यांना जे जमलं नाही ते कुणीतरी शांतपणे समोर बसून तिचे हात वाचल्यामुळे झालं. आणि मुलगी मराठी मुलखातली निघाली. इंदूरच्या मराठी मंडळींनी इतकी वर्षं तिला पाहिलं, माझ्यासकट, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

३. तारीख असलेला कागद लढाईतही जगतो

शांततेच्या मोठ्या जाहीरनाम्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. २१ मे २००८ च्या एका रुक्ष करारावर मात्र आहे. भारत आणि पाकिस्तान यांनी दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सोडायचं. शेवटची दोन कलमं सर्रास मोडली जातात. पहिलं मोडलं जात नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. अटारीचं फाटक बंद झालं, मेच्या सुरुवातीला टपाल थांबलं, मग तोफा आणि ड्रोन. मावशीने विचारलं, आता काय? मी म्हटलं, १ जुलै बघू. १ जुलैला यादी आली. भारताने ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमारांची नावं दिली. पाकिस्तानने ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमारांची. दोन महिन्यांपूर्वी एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या दोन सरकारांच्या कारकुनांनी ठरल्या दिवशी ठरला कागद पोहोचवला. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करारही असाच: त्याची यादी १९९२ पासून दर १ जानेवारीला जाते, कारगिल झालं तरी जाते, संसदेवर हल्ला झाला तरी जाते.

उलट, दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची समिती घ्या. २००७ मध्ये नेमली, तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची, चांगलं काम करायची. शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३. समितीला भेटायचं कुणीतरी ठरवावं लागतं. यादीला काही ठरवावं लागत नाही, कॅलेंडर ठरवतं. म्हणून कुणी मला विचारलं की सरकारकडे काय मागावं, तर मी म्हणतो: धोरण मागू नका, तारीख मागा.

४. दोन्हीकडचे मागा

वरचे आकडे पुन्हा बघा. मच्छीमार तिकडे जास्त, नागरी कैदी आपल्याकडे जास्त. आमच्या पारावर हे सांगितलं की लोक गप्प होतात. सगळ्यांना वाटत असतं की आपलेच फक्त अडकलेत.

२०१३ ची गोष्ट. लाहोरच्या तुरुंगात मारहाण झालेला भारतीय कैदी सरबजित २ मे रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी जम्मूच्या तुरुंगात सनाउल्ला या पाकिस्तानी कैद्यावर हल्ला झाला आणि आठवड्याभरात तोही गेला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात शेवटी एक ओळ असते, की भारतातल्या तुरुंगांत शिक्षा संपूनही बसलेल्या पाकिस्तानी कैद्यांच्या परतीची स्थितीही कळवावी. पहिल्यांदा ही ओळ लिहिली तेव्हा मावशीच्या दिराने कागद हातातून काढून घेतला. "उनका काय को?" मी म्हटलं, त्यांचा एक इथे मेला तर तिथे तुझ्या पुतण्याच्या कोठडीचं दार कोण सांभाळणार? त्याने कागद परत दिला. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, ते माहीत नाही.

५. फौजवाल्यांना विरोधक समजू नका

माझी मोठी चूक इथे झाली. महू इथून फार लांब नाही. बाबासाहेबांचं जन्मगाव, आणि छावणीचं गाव. आमच्या तहसीलमधली कितीतरी पोरं फौजेत. मानवाधिकार म्हटलं की फौजवाले अंगावर येतील असं मी धरून चाललो होतो आणि पहिली तीन वर्षं त्यांच्याशी या विषयावर बोललोच नाही.

एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले. मी काय करतो ते कुणीतरी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, जिनिव्हा करार आम्हाला शिकवतात. तुम्हाला कुठलं कलम हवंय?" मग जिलबी हातात तशीच धरून त्यांनी मला तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम समजावलं: लढाई थांबली की युद्धकैद्यांना विलंब न लावता सोडायचं, कराराची वाट बघायची नाही. ते शाबूत राहावं असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटेल? ज्याचा मुलगा चौकीवर उभा आहे त्याला.

१९७१ च्या युद्धानंतर भारताने सुमारे ९३ हजार युद्धकैदी परत पाठवले. आपले ५४ जण बेपत्ता राहिले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला विमान पडलं. पकडलेल्या वैमानिकांची बातमी एका पाकिस्तानी वृत्तपत्रात आली, त्यात नाव छापलं 'टॉम्बे'. पुन्हा नावच! पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पुढचं आयुष्य त्यांनी या एका अक्षराच्या फरकामागे काढलं. २००७ च्या जूनमध्ये बेपत्ता जवानांच्या चौदा नातेवाइकांना पाकिस्तानने आपले तुरुंग दाखवले. कुणी सापडलं नाही, आणि असा एकही जण आमच्याकडे नाही हे पाकिस्तानचं म्हणणं कायम राहिलं. मला त्या प्रवासाचं मोल वाटतं ते दुसऱ्या कारणाने: शत्रूराष्ट्राच्या तुरुंगाचं दार नातेवाइकांसाठी उघडलं जाऊ शकतं, हे तेव्हा कागदावर आलं.

आणि अ‍ॅडमिरल रामदास. १९७१ मध्ये 'बियास' युद्धनौकेवर कमान, वीरचक्र, १९९० ते ९३ नौदलप्रमुख. निवृत्त होऊन अलिबागजवळ शेती करत राहिले आणि पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमचं काम करत राहिले. २००४ चा मॅगसेसे त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला. नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे कारगिलनंतर वर्ष उलटायच्या आत बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या, तेव्हा लोकांनी त्यांना भोळ्या म्हटलं. रामदासांना भोळं म्हणायची सोय नव्हती.

६. माहिती मागा, कारण विचारू नका

माहितीच्या अधिकारात 'आपण अमुक का केलं नाही?' असं विचारलं की कलम ८ पुढे करून, परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन अर्ज बंद करतात. माझे चार अर्ज असे गेले. 'किती, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाच्या पत्राने' असं विचारायला लागलो तशी उत्तरं येऊ लागली.

तीन बारकावे अनुभवाने कळले. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर तीस दिवस नाही, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं आहे. अर्जावर सगळ्यांत वर हे लिहा. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना कलम २४ ने सूट आहे, पण मानवाधिकार उल्लंघनाच्या आरोपाची माहिती त्या सुटीत येत नाही. ती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने मिळू शकते. आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सशस्त्र दलांची तक्रार नेलीत तर आयोग स्वतः तपास करू शकत नाही, सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करू शकतो. हे आधी माहीत असलं की निराशा कमी होते.

अर्जाच्या फीच्या पोस्टल ऑर्डरवर 'लेखा अधिकारी' असंच लिहायचं. एकदा मी मंत्रालयाचं नाव लिहिलं, ऑर्डर परत आली आणि महिना गेला.

७. पैसे

स्वतःचे वापरा. वर्षाला दोन-अडीच हजारांत भागतं. परदेशी देणगीचा कायदा २०२० नंतर इतका आवळला आहे की मोठ्या संस्थांचा निम्मा वेळ हिशेबात जातो. लहान माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

८. तापल्या आठवड्यात वार्ताहराला चहा पाजू नये

हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. २०१६ मध्ये सीमेवर तणाव होता. एका वर्तमानपत्राचा मुलगा घरी आला. नाव घेत नाही. तो माझ्याच शाळेत शिकलेला. मी चहा पाजला, पोहे खाऊ घातले, मावशीची कहाणी सांगितली, फोटो दिला. वाटलं, छापून आलं तर दिल्लीत हलेल. दोन दिवसांनी छापून आलं, आणि मथळ्यात एक शब्द प्रश्नचिन्हासकट होता: 'जासूस?'

प्रश्नचिन्ह गावात कुणी वाचत नाही. मावशीच्या धाकट्या मुलाची ठरलेली सोयरीक मोडली. तिच्या पिठाच्या गिरणीवर येणारी दोन घरं यायची थांबली. तपासाला आलेला ठाण्याचा माणूस, जो आधी खाटेवर बसून पाणी प्यायचा, तो आता उभ्याउभ्या प्रश्न विचारायला लागला. आणि तिकडे? सीमेपलीकडे ही बातमी कुणी वाचली असती तर आतल्या पोरावर कसला आरोप चढला असता, याचा विचार मला छापून आल्यावर सुचला. मी तिच्या घरी गेलो. ती रागावली नाही. तिने गिरणी चालू केली, आणि त्या आवाजात मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून नियम आहे. बातमी द्यायची ती सुटकेनंतर, आणि तीही घरच्यांनी हो म्हटलं तर. २०२१ मध्ये आमच्याच राज्यातला, सागर जिल्ह्यातला एक जण तेवीस वर्षांनी परत आला. त्याच्या भावाने वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. माझ्या वाचनात बातमी आली ती तो अटारीला आल्यावर.

९. समुद्रावरची माणसं विसरू नका

आम्हाला इथे नर्मदेपलीकडचं पाणी दिसत नाही, म्हणून मच्छीमार हा गुजरातचा प्रश्न वाटतो. तो आपलाही आहे. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ मारलेली नसते. पकडले की शिक्षा काही महिन्यांची आणि मुक्काम काही वर्षांचा. बोट मालकाची, सुटकेनंतर चर्चाही बोटीची. खलाशाची बायको मधल्या काळात कशावर जगते, हे विचारणारे जतिन देसाईंसारखे मोजके पत्रकार. मार्च २०२४ मध्ये कराचीच्या तुरुंगात डहाणूकडचा एक खलाशी वारला. मृतदेह घरी पोहोचायला दीड महिना लागला. मेलेल्या माणसाच्याही राष्ट्रीयत्वाची खातरजमा करावी लागते.

१०. मावशीचा फोटो

गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एक पान होतं. पाकिस्तानच्या तुरुंगातले, मानसिक तोल गेलेले, स्वतःचा पत्ता सांगू न शकणारे डझनभराहून जास्त लोक. फोटो आणि खाली अनुक्रमांक. कुणी ओळखत असेल तर कळवा. एमपी ऑनलाइनच्या दुकानात मी त्या सगळ्यांच्या प्रती काढल्या. शाई संपत आली होती, चेहऱ्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या.

मावशी गिरणीतून तशीच आली, भुवया पिठाने पांढऱ्या. ओट्यावर बसून तिने एकेक कागद डोळ्यांजवळ धरला. चौथ्यावर बराच वेळ थांबली. मी श्वास धरून बसलो. तिने अंगठ्याने फोटोतली डावी भुवई पुसली, जणू रेघ शाईची आहे की खूण, ते बघत होती.

"यो म्हारो नी है," ती म्हणाली.

बाकीचे कागद तिने पाहिले, नीट एकावर एक ठेवले, आणि चौथा पुन्हा वर काढला. याच्या आईला कुणी सांगितलंय का, तिने विचारलं. मी म्हटलं, कोण आई, कुठली, नावच माहीत नाही. "तो पूछो," ती म्हणाली आणि गिरणीकडे गेली.

मी फोटोखालचा अनुक्रमांक वहीत उतरवला आणि पोस्टात गेलो. दहाची पोस्टल ऑर्डर मागितली. खिडकीवरचा पोरगा मला ओळखतो. "भिया, आज किसके नाम?"

"लेखा अधिकारी," मी म्हटलं.